बारा मैलांपर्यंतचा समुद्र राज्याच्या ताब्यात आहे. मग जाब कुणाला विचारायचा?

मंडळी, आज महापालिका नाही, खड्डे नाहीत, पाणीकपातही नाही. आज समुद्र. संत तुकाराम नगरात बसून हा समुद्रावर काय लिहितोय, असं काही जण म्हणतील. पण आपल्या वल्लभनगर आगारातून कोकणात एसटी सुटतात, त्या कुणासाठी? भोसरी, पिंपरी, चाकणच्या कंपन्यांत दापोली, गुहागर, देवगड, मालवणची कितीतरी माणसं आहेत. त्यांच्या गावाकडे बंदरावर काय चाललंय याची चर्चा इथे शिफ्ट सुटल्यावर चहाच्या टपरीवर होते. आणि ज्यांचं गाव तिकडे नाही, त्यांच्या ताटात बांगडा आणि पापलेट तर असतंच.

तर दोन-तीन वाचकांनी इनबॉक्समध्ये एकच प्रश्न विचारला. पर्ससीन जाळी, एलईडीचे दिवे लावून मासे ओरबाडले जातात अशा बातम्या येतात. सरकार थांबवत का नाही? हे राज्याच्या हातात आहे की केंद्राच्या?

उत्तर एका वाक्यात देता येतं. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आत राज्य, त्याच्या बाहेर केंद्र. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणजे बारा मैल झाले साधारण २२ किलोमीटर. आपल्याकडून चाकण ओलांडून थोडं पुढे जावं एवढंच अंतर. पण ही रेषा कशी आली आणि तिचा अर्थ काय, हे कळल्याशिवाय आजचं भांडण कळत नाही.

आधी इंग्रजांचं

सरकार नावाची गोष्ट समुद्रात उतरण्याआधीही मासेमारीला नियम होते. कोळीवाड्यांत पावसाळ्यात होड्या ओढून किनाऱ्यावर घ्यायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ सोडून पुन्हा दर्यात उतरायचं, हा नियम कुणा अधिकाऱ्यानं काढलेला नव्हता. डोल जाळी कुणी कुठे लावायची, रापण कुणी कधी ओढायची, हे गाव ठरवायचं. भांडणं व्हायची, पण ती मिटवणारी माणसं त्याच वाळूवर उभी असायची.

इंग्रजांनी १८९७ मध्ये भारतीय मत्स्य कायदा केला. त्यात समुद्राबद्दल फार काही नव्हतं. सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारू नका, एवढाच त्याचा मुख्य रोख. तोही किनाऱ्यापासून एक मरीन लीग, म्हणजे तीन सागरी मैलांपर्यंत. त्या काळात जगभर हाच हिशेब चालायचा. किनाऱ्यावरच्या तोफेचा गोळा जिथवर पोचेल तिथवर राजाचा समुद्र, असं त्यामागचं जुनं तर्कशास्त्र सांगतात.

खरी वाटणी झाली १९३५ च्या गव्हर्नमेंट ऑफ इंडिया कायद्यात. मत्स्यव्यवसाय प्रांतांकडे गेला आणि प्रादेशिक समुद्राच्या पलीकडची मासेमारी केंद्राकडे. राज्यघटना लिहिताना आपण हीच वाटणी उचलली. सातव्या अनुसूचीत राज्य सूचीतली २१ वी नोंद आहे 'मत्स्यव्यवसाय'. केंद्र सूचीतली ५७ वी नोंद आहे प्रादेशिक जलधीपलीकडची मासेमारी.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. समुद्रतळाखालचं तेल, वायू, खनिजं ही घटनेच्या कलम २९७ नुसार केंद्राची. पण त्याच पाण्यातल्या मासेमारीवर नियम करायचा अधिकार राज्याचा. तळ दिल्लीचा आणि जाळं मुंबईचं, असं म्हणा हवं तर.

रेषा सरकत गेली

घटनेत मैलांचा आकडा नाही. त्यामुळे देशाचा प्रादेशिक समुद्र वाढला की राज्याचा अधिकारही आपोआप वाढला. १९५६ मध्ये भारतानं ही हद्द सहा सागरी मैलांवर नेली, १९६७ मध्ये बारा. १९७६ मध्ये संसदेनं सागरी क्षेत्रांचा कायदा करून बारा मैल पक्के केले आणि त्यापुढे दोनशे मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र जाहीर केलं.

म्हणजे वीस वर्षांत महाराष्ट्राच्या हाती कितीतरी जास्त समुद्र आला. तुलनेसाठी सांगतो, अमेरिकेत बहुतेक राज्यांची सत्ता किनाऱ्यापासून तीनच मैल चालते, पुढे त्यांचं केंद्र. आपल्या राज्यांकडे बारा आहेत. पण एवढा समुद्र मिळूनही त्यात काय करायचं याचा आपल्याकडे कायदाच नव्हता. मधल्या काळात समुद्र बदलून गेला.

ट्रॉलर आले

स्वातंत्र्यानंतर मासेमारीचं यांत्रिकीकरण हे सरकारी धोरण होतं. १९५२ मध्ये नॉर्वेच्या मदतीचा करार झाला आणि केरळात प्रकल्प सुरू झाला. पुढे कोळंबीला परदेशात भाव आला. कर्ज आणि अनुदान मिळू लागलं आणि ट्रॉलरची संख्या वाढली. ट्रॉलर म्हणजे समुद्राच्या तळावरून जाळं फरपटत नेणारी बोट. कोळंबी किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात जास्त, म्हणून ट्रॉलर तिथेच घुसले. तिथेच रापणवाल्यांचं, छोट्या होडीवाल्यांचं पोट होतं.

सत्तरच्या दशकात गोव्यात रांपणकार रस्त्यावर उतरले. माथानी साल्ढाणा हे त्या लढ्यातलं पुढे आलेलं नाव. मागणी साधी होती: किनाऱ्याजवळचा पट्टा आमच्यासाठी राखून ठेवा. तिकडे केरळ आणि तामिळनाडूतही समुद्रात मारामाऱ्या, जाळपोळ चालू होती. केंद्रानं १९७६ मध्ये मजुमदार समिती नेमली. तिच्या कामातून नमुना विधेयक तयार झालं आणि १९७९ मध्ये ते राज्यांना पाठवलं गेलं. विषय राज्यांचा, त्यामुळे कायदा राज्यांनीच करायचा होता. केरळ आणि गोव्यानं १९८० मध्ये केला. आपण केला तो महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१.

या कायद्यानं राज्याला काय दिलं? कुठल्या भागात कुठल्या प्रकारच्या बोटी, किती बोटी, कुठली जाळी, जाळ्याचा आस केवढा, कुठल्या काळात मासेमारी, हे सगळं ठरवण्याचा आणि बंदी घालण्याचा अधिकार. परवाना राज्याचा, तो रद्द करणारंही राज्यच. महाराष्ट्रानं ट्रॉलरसाठी पट्टा ठरवला तो किलोमीटरमध्ये नाही, खोलीत: पाच ते दहा वाव. एक वाव म्हणजे सहा फूट. गोव्यानं सरळ पाच किलोमीटर धरले.

आणि अधिकार वापरताना काय बघायचं, तेही कायद्यातच लिहिलंय. मासेमारी करणाऱ्या वेगवेगळ्या घटकांचं हित, त्यातही पारंपरिक होड्यांवर जगणाऱ्यांचं. माशांचं जतन. समुद्रातली कायदा-सुव्यवस्था. हा अधिकार मुळात लहान मच्छीमारांच्या आंदोलनातून आलेला आहे. पोस्टमधलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

कोर्टानं काय सांगितलं

बोटमालक कोर्टात गेले. व्यवसाय करणं हा आमचा मूलभूत हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. केरळनं आपल्या हद्दीत पर्ससीनवर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचली. १९९३ मध्ये न्यायालयानं ती योग्य ठरवली. पारंपरिक मच्छीमारांची उपजीविका वाचवण्यासाठी राज्य असा निर्बंध घालू शकतं, हे तेव्हापासून स्पष्ट आहे. म्हणजे 'अधिकार नाही' हे कारण तीस वर्षांपूर्वीच संपलं.

पर्ससीन आणि एलईडी

पर्ससीन म्हणजे बांगडा-तारलीच्या थव्याला गोल वेढा घालायचा आणि जाळ्याचा तळ बटव्याच्या नाडीसारखा ओढून बंद करायचा. थवाच्या थवा आत. रापणवाल्याला मासे किनाऱ्याकडे येण्याची वाट बघावी लागते. पर्ससीन त्यांना वाटेतच उचलते. २०१५ च्या सुमारास मालवण तालुक्यात आचऱ्याच्या किनाऱ्यावर यावरून संघर्ष पेटला होता.

सरकारनं त्याआधीच डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिच्या अहवालाच्या आधारे ५ फेब्रुवारी २०१६ ला अधिसूचना निघाली. राज्याच्या हद्दीत पर्ससीन फक्त सप्टेंबर ते डिसेंबर, आणि परवाने टप्प्याटप्प्यानं कमी करत शेवटी १८२ वर आणायचे.

मग एलईडी आले. बोटीवर जनरेटर, रात्री पाण्यावर प्रखर दिवे, आजूबाजूचे मासे उजेडाकडे गोळा होतात आणि जाळ्यात जातात. केंद्रानं नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या क्षेत्रात याला बंदी केली, राज्यानंही आपल्या हद्दीत केली. तरी दिवे दिसत राहिले. कारण जुना दंड प्रामुख्यानं पकडलेल्या मासळीच्या किमतीशी बांधलेला होता. किंमत कमी धरली की दंडही कमी. खटला चालायचा तहसीलदारापुढे, ज्याच्याकडे आधीच शंभर कामं. २०२१ मध्ये कायदा दुरुस्त झाला. सुनावणी मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याकडे आली. बेकायदा पर्ससीनला १ ते ६ लाख आणि एलईडीला ५ ते २० लाख रुपये दंड ठरला.

बोटमालकांची बाजूही ऐका. त्यांनी कर्ज काढून बोटी बांधल्या आहेत, एकेका बोटीवर कितीतरी खलाशांची चूल पेटते. शेजारच्या राज्यांतले वेगवान ट्रॉलर येऊन मासे घेऊन जातात, मग पकडायचं ते आम्हालाच का, हा त्यांचा सवाल खोटा नाही. पण त्याचं उत्तर नियम सोडून देणं हे नसून शेजारच्यालाही पकडणं हे आहे.

रेषेवरची पळवाट

आता खरी मेख. पकडलेला म्हणतो, 'मी बारा मैलांच्या बाहेर मासेमारी केली, राज्याचा नियम मला लागू नाही.' समुद्रात पांढरा पट्टा मारलेला नाही. मासे तर रेषा ओळखतच नाहीत.

तामिळनाडूनं २०२२ मध्ये पर्ससीनवर बंदी घातली तेव्हा हाच वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. जानेवारी २०२३ च्या अंतरिम आदेशात न्यायालयानं बारा मैलांच्या बाहेर पर्ससीनला परवानगी दिली, पण अटी घालून: आठवड्यातून दोनच दिवस, सोमवार आणि गुरुवार, सकाळी ८ ते संध्याकाळी ६, आणि बोटीवर ठावठिकाणा सांगणारी यंत्रणा हवीच.

शेवटची अट महत्त्वाची. बोट कुठेही मासे मारो, तिला सुटावं लागतं बंदरातून आणि उतरावंही लागतं बंदरातच. बंदर राज्याचं, परवाना राज्याचा, डिझेलवरची सवलत राज्याची. जनरेटर आणि दिव्यांची माळ घेऊन बोट निघते ती धक्क्यावरच्या सगळ्यांना दिसते. ती पकडायला बारा मैल जायची गरज नाही.

दोघांनी मनावर घेतलं की रेषा आड येत नाही, याचा पुरावाही आहे. यांत्रिक बोटींना पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै, राज्याच्या हद्दीतही आणि केंद्राच्याही. ६१ दिवस, तारखा एकच. म्हणून ती बरीचशी पाळली जाते. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रानं अनन्य आर्थिक क्षेत्रासाठी नवे नियम काढले, त्यात एलईडीला बंदी आहे. म्हणजे आता रेषेच्या दोन्ही बाजूंना दिवे बेकायदा आहेत. 'मी बाहेर होतो' हे एलईडीवाल्याचं उत्तर होऊच शकत नाही.

राज्यानं २०२५ च्या जानेवारीत ड्रोनची गस्तही सुरू केली. चांगलं झालं. पण ड्रोन फोटो काढतो, दंड वसूल करत नाही.

मग आपण काय करायचं?

पहिलं, बाजारात. पापलेट हा २०२३ पासून आपला राज्यमासा आहे. त्याच वर्षी राज्यानं ५४ जातींसाठी किमान आकार ठरवला. पापलेटचा आहे १३५ मिलीमीटर, म्हणजे साडेतेरा सेंटीमीटर. तुमच्या खिशातला मोबाईल बहुतेक याहून लांब असेल. मासळीबाजारात फोन शेजारी धरून बघा. त्याहून बरंच लहान पिल्लू कुणी स्वस्तात देत असेल तर नको म्हणा. त्यानं अजून अंडीही घातलेली नाहीत.

दुसरं, ज्यांचं मतदान कोकणात आहे त्यांनी गावच्या आमदाराला तीन प्रश्न विचारा. गस्तीच्या बोटी महिन्यातून किती दिवस समुद्रात असतात? वर्षभरात किती प्रकरणांचा निकाल लागला? ठरलेल्या दंडापैकी किती वसूल झाला? तोंडी उत्तर मिळालं नाही तर दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज होतो. मसुदा हवा असेल तर मेसेज करा, मी पाठवतो.

आणि कुणी म्हणालं की 'हा केंद्राचा विषय आहे', तर त्याला विचारा: बारा मैलांच्या आतला पण?