दंगलविरोधी साहित्य आणि फाशांचा खेळ

टेबलाभोवती बसून फाशांच्या आधारे खेळला जाणारा ‘रोल-प्लेइंग गेम’ हा प्रकार गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४ मधील ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मुळे रूढ झाला. त्यात चिलखताचे संरक्षण एका अंकाने दर्शविले जाते. पोलिसांचे दंगलविरोधी साहित्य मात्र त्या एका अंकात बसत नाही.

पॉलिकार्बोनेटची पारदर्शक ढाल दगड-विटा अडविते, बंदुकीची गोळी नव्हे. एकट्याच्या हाती ती अपुरी, रांगेत भक्कम. म्हणून शेजारी सहकारी असेल तरच पूर्ण अंक द्यावा. शिरस्त्राणाची काच चेहरा वाचविते, पण नजर व श्रवण मर्यादित करते. त्यासाठी निरीक्षणाचे गुण घटवावेत. भंडारा जिल्ह्यातील आसगावच्या रस्त्यावर मे महिन्याच्या दुपारचा प्रसंग कल्पिला, तर जाड कवच घातलेल्यास ठरावीक डावांनंतर थकव्याचा फासा टाकावा लागेल. अश्रुधूर वारा फिरताच पोलिसांवरही उलटतो. तेव्हा वाऱ्याची दिशाही फाशानेच ठरवावी.

सर्वांत महत्त्वाचा नियम कायद्यातून येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १४८ नुसार, पांगण्याचा आदेश देऊनही बेकायदा जमाव हटला नाही किंवा न हटण्याचा निर्धार त्याच्या वर्तनातून दिसला, तरच बळाचा वापर करता येतो. खेळातही या आदेशाला स्वतंत्र पाळी हवी. गर्दीत वाटसरूही असतात. साऱ्यांना ‘शत्रू’ मोजणारा नियम या साहित्याचा हेतूच विसरतो. तो हेतू कमीत कमी इजा करून जमाव पांगविण्याचा आहे.