ज्यू समाज : कौटुंबिक हिंसेतील पीडितांसाठी मदतकार्य

घरातील मारहाण, धमक्या, पैशांची कोंडी, लैंगिक जबरदस्ती आणि धार्मिक हक्कांची अडवणूक सोसणाऱ्या ज्यू स्त्रियांना व मुलांना समाजातील संस्था निवारा, समुपदेशन आणि कायदेशीर साहाय्य पुरवतात. इस्रायलमध्ये हे काम १९७० च्या दशकाच्या अखेरीस संघटितपणे सुरू झाले; ब्रिटन व अमेरिकेत ते १९८० च्या दशकात आणि ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात मूळ धरू लागले. पुरुष आणि वृद्धही अशा हिंसेचे बळी ठरतात, मात्र मदत मागणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. पीडितेला तिचा धर्म, तिचे सण आणि तिची माणसे सोडायला न लावता सुरक्षित करणे, हे या कामाचे सूत्र आहे.

मौनाची कारणे : ‘ज्यू नवरा बायकोवर हात टाकत नाही’ हा समज समाजात दीर्घकाळ घट्ट होता. कुटुंबवत्सलतेचा अभिमान खराच होता, पण त्याच अभिमानापोटी मार खाणाऱ्या बाईचे बोलणे कोणी खरे मानत नसे. ‘शालोम बायित’, म्हणजे घरातील शांतता, हे ज्यू संसाराचे मोठे मूल्य. ते राखण्याचा भार मात्र बहुधा बायकोवरच पडे. रब्बीकडे, म्हणजे धर्मगुरूकडे, तक्रार घेऊन गेलेल्या कित्येक स्त्रियांना ‘थोडे सांभाळून घे’ एवढाच सल्ला मिळाला.

याला आणखी दोन बंधनांची जोड होती. परनिंदा हे धर्माने मोठे पाप मानले आहे, त्यामुळे नवऱ्याविषयी बोलणेच पाप वाटे. दुसरे बंधन ‘मसिरा’चे : ज्यू माणसाला परक्या सत्तेच्या हवाली करू नये. युरोपातील जुलमी राजवटींत खबऱ्यांमुळे माणसांचे जीव जात, तेव्हा या नियमाने समाजाचे रक्षण केले. आजच्या लोकशाही देशांत तोच नियम पुढे करून स्त्रीला पोलीस ठाण्याच्या पायरीवरून माघारी फिरवले गेले. कर्मठ वस्त्यांत लग्ने मध्यस्थांमार्फत जुळतात. घरातील गोष्ट बाहेर पडली तर मुलांची आणि धाकट्या बहिणींची स्थळे मोडतील, ही भीती आईचे तोंड बंद ठेवते.

धर्मशास्त्रातील भूमिका : पतीने पत्नीवर स्वतःइतके प्रेम करावे आणि स्वतःहून अधिक मान द्यावा, असे तालमूद हा धर्मग्रंथ सांगतो. मध्ययुगीन शास्त्रकारांत मात्र एकमत नव्हते. बाराव्या शतकातील मायमोनिडीझ याने घरकाम नाकारणाऱ्या पत्नीला फटक्यांनी भाग पाडण्याची मुभा दिली. त्याच काळातील प्रॉव्हान्सचा टीकाकार रब्बी अव्राहाम बेन डेव्हिड याने त्यावर तीव्र आक्षेप घेतला. स्त्रियांना असे शासन करण्याची रीत आपण कधी ऐकलेली नाही, असे त्याने नोंदवले.

तेराव्या शतकात जर्मनीतील रोथेनबर्गचा रब्बी मेईर सर्वांत कठोर बोलला. परक्याला मारणे पाप आहेच, पण पत्नीला मारणे त्याहून घोर, कारण तिचा मान राखण्याचे बंधन पतीवर आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. अशा पतीला समाजातून बहिष्कृत करावे, असे त्याने सांगितले. सोळाव्या शतकात पोलंडमधील रब्बी मोझेस इसेर्लेस याने मारकुट्या पतीला शिक्षा करण्याचा, समजावूनही तो ऐकत नसेल तर घटस्फोटास भाग पाडण्याचा मार्ग धर्मन्यायालयाला दाखवला. पत्नीनेच भांडण उकरून काढले असेल तर गोष्ट वेगळी, अशी फटही त्याने ठेवली आणि पुढे त्या फटीचा गैरफायदा घेतला गेला. अमेरिकेतील कॉन्झर्वेटिव्ह पंथासाठी रब्बी एलियट डॉर्फ यांनी १९९५ मध्ये लिहिलेल्या निर्णयपत्रात मारहाण आणि सर्व प्रकारचा छळ धर्मतः निषिद्ध ठरवला गेला. पुढच्याच वर्षी कर्मठ हसिदी पंथाचे रब्बी आणि मानसोपचारतज्ज्ञ अब्राहम ट्वेर्स्की यांचे ‘द शेम बोर्न इन सायलेन्स’ हे पुस्तक आले. कर्मठ वर्तुळातूनच आलेला हा आवाज बाहेरच्यांची टीका म्हणून झटकून टाकता येण्याजोगा नव्हता.

घटस्फोटाची कोंडी : ज्यू धर्मानुसार घटस्फोटासाठी पतीने ‘गेट’ हे लेखी पत्र स्वेच्छेने पत्नीच्या हाती द्यावे लागते. दिवाणी न्यायालयाने विवाह मोडला तरी गेट नसेल तर ती स्त्री धर्माच्या दृष्टीने विवाहितच राहते. अशा अडकलेल्या स्त्रीला ‘अगुना’ म्हणतात. तिला पुन्हा लग्न करता येत नाही. दुसऱ्या ज्यू पुरुषापासून तिला मूल झालेच, तर त्या मुलाला बहुतेक ज्यूंशी विवाह करण्यास धर्माची मनाई होते. पतीवर इतके जाचक परिणाम होत नाहीत. म्हणून घर सोडून गेलेल्या स्त्रीचाही पिच्छा गेटच्या अडवणुकीतून पुरवता येतो : पैसे दे, मुलांचा ताबा सोड, तक्रार मागे घे, मगच पत्र मिळेल.

ही कोंडी फोडण्याचे प्रयत्न देशोदेशी झाले. इस्रायलमध्ये ज्यूंचे विवाह व घटस्फोट १९५३ च्या कायद्याने रब्बींच्या न्यायालयांकडे आहेत. गेट देण्याचा आदेश न पाळणाऱ्या पतीचा पासपोर्ट, वाहन परवाना आणि बँक खाते यांवर निर्बंध घालण्याचे, प्रसंगी त्याला तुरुंगात टाकण्याचे अधिकार या न्यायालयांना १९९५ मध्ये मिळाले. न्यूयॉर्क राज्याने १९८३ मध्ये, तर ब्रिटनने २००२ मध्ये दिवाणी घटस्फोट आणि गेट यांची सांगड घातली. ब्रिटनमधील २०२१ च्या कौटुंबिक अत्याचार कायद्याखालील मार्गदर्शक सूचनांत गेटच्या अडवणुकीचा उल्लेख आहे. २०२२ मध्ये लंडनच्या न्यायालयाने अशा एका पतीला नियंत्रण व दडपशाहीच्या गुन्ह्यासाठी १८ महिन्यांची कैद ठोठावली. अमेरिकेतील ऑर्थोडॉक्स रब्बींनी विवाहपूर्व कराराचा मार्ग काढला. विभक्त झाल्यावर गेट मिळेपर्यंत पतीने पत्नीला रोज ठरावीक रक्कम द्यायची, असे कलम त्यात असते.

आश्रयगृहे : अमेरिकेत जन्मलेल्या मार्शा फ्रीडमन यांनी १९७६ मध्ये इस्रायलच्या संसदेत मारहाण होणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न मांडला, तेव्हा सभागृहात त्याची थट्टा झाली. १९७७ मध्ये स्त्रीवादी कार्यकर्त्यांनी हैफा येथे देशातील पहिले आश्रयगृह उघडले. कुटुंबातील हिंसा रोखणारा, संरक्षण आदेशाची तरतूद करणारा कायदा १९९१ मध्ये आला.

कर्मठ घरांतील स्त्रिया तरीही या आश्रयगृहांकडे वळायला कचरत. स्वयंपाकघर ‘कोशर’, म्हणजे धर्मनियमांप्रमाणे शुद्ध, आहे का, दूध व मांसाची भांडी वेगळी आहेत का, शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) पाळता येईल का, पेसाह सणात घरात खमिराचा कणही राहणार नाही याची काळजी कोण घेईल, मुलांना त्यांच्या वळणाची शाळा मिळेल का, हे अशा स्त्रीसाठी किरकोळ प्रश्न नसतात. उत्तर नकारार्थी असेल तर ती मार खात घरीच राहते. रब्बींच्या न्यायालयांत वकिली करणारे नोआख कोरमान यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात स्थापन केलेली ‘बात मेलेख’ ही संस्था नेमकी ही उणीव भरून काढते. तिच्या आश्रयगृहांत धार्मिक स्त्रिया मुलांसह आपल्या रीतीरिवाजांप्रमाणे राहतात.

दूरध्वनी आणि स्नानगृह : शिकागोत १९८६ पासून ‘शाल्वा’, न्यूयॉर्कमध्ये १९९३ पासून ‘शालोम टास्क फोर्स’ आणि मेलबर्नमध्ये १९९५ पासून ‘ज्यूइश टास्कफोर्स अगेन्स्ट फॅमिली व्हायोलन्स’ या संस्था काम करत आहेत. ब्रिटनमध्ये ‘ज्यूइश विमेन्स एड’ समुपदेशनाबरोबरच ज्यू स्त्रियांसाठी आश्रयगृह चालवते. नाव न सांगता बोलता येणे हा या संस्थांच्या हेल्पलाइनचा मोठा आधार, कारण लहान समाजात आवाजावरूनही माणूस ओळखू येतो.

कार्यकर्त्यांनी मदत पोहोचवण्याच्या जागाही समाजाच्या आतूनच शोधल्या. कर्मठ विवाहिता मासिक पाळीनंतर ‘मिकवे’ या शुद्धिस्नानगृहात जाते. नवऱ्याच्या नजरेआड असलेल्या या जागी मदतनीस बाईला तिच्या अंगावरचे वळ दिसू शकतात. म्हणून अशा मदतनिसांना प्रशिक्षण देण्यात येते आणि स्नानगृहांत हेल्पलाइनचे क्रमांक लावले जातात. लग्नाआधी नववधूंना धार्मिक नियम शिकवणाऱ्या शिक्षिकांनाही धोक्याची लक्षणे ओळखायला शिकवतात. जीव वाचवण्यासाठी शब्बाथचा नियम मोडणे धर्माला मान्य आहे. त्यामुळे जिवावर बेतले असेल तर शनिवारीही फोन करावा, हे स्त्रियांना स्पष्ट सांगितले जाते.

महाराष्ट्राशी संबंध : कोकणातील मराठीभाषक बेने इस्रायल समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलमध्ये स्थायिक झाली असून तेथे त्यांचे विवाह व घटस्फोट रब्बींच्या न्यायालयांच्या कक्षेत येतात. भारतात राहिलेला समाज काही हजारांचा, मुख्यतः मुंबई, ठाणे व रायगड परिसरातला. भारतात ज्यूंच्या विवाहासाठी वेगळा संहिताबद्ध कायदा नाही. मात्र ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’ धर्म न विचारता प्रत्येक स्त्रीला लागू होतो. त्याखाली संरक्षण, राहत्या घराचा हक्क आणि आर्थिक साहाय्य यांसाठी आदेश मिळवता येतात. तक्रार संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे करता येते; तातडीच्या मदतीसाठी महिला हेल्पलाइनचा क्रमांक १८१ आहे.