बर्फ, मीठ आणि आंब्याचे थर

वैशाखात पाहुणे आले, अढीतले आंबे पिकले, की आइस्क्रीमचा पॉट माळ्यावरून खाली काढीत, हे पुष्कळांनी पाहिले असेल. लाकडी बादलीत बर्फ आणि मूठमूठ जाडे मीठ पडे. गोड पदार्थाला मीठ कशाला, असे एखादे पोर विचारी. ‘बर्फ टिकावा म्हणून’, असे सांगून आम्ही मोठी माणसे मोकळी होत असू.

हे उत्तर साफ चुकीचे. मीठ बर्फ टिकवीत नाही. ते त्याला वितळवते. वितळताना लागणारी उष्णता बर्फ आतल्या दुधातून ओढून घेतो, म्हणून दूध गोठते. साखर घातलेले दूध शून्य अंशावर गोठत नाही, आणि नुसता बर्फ शून्याखाली नेत नाही. तीन भाग बर्फाला एक भाग मीठ मिळाले, तर मिश्रण शून्याखाली २१ अंशांपर्यंत उतरू शकते.

ही विद्या एका दिवसाची नव्हे. सोऱ्याने पाणी गार करण्याची रीत अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त दिली आहे. पुढे अलाहाबादकडील कामगार थंडीच्या रात्री उघड्या मैदानात खड्डे करीत, त्यांत वाळलेली ताटे पसरीत आणि वर उथळ मातीच्या भांड्यांत पाणी ठेवीत. पहाटे त्यावर बर्फ धरे. १७७५ साली रॉबर्ट बार्कर याने ही रीत निबंधात छापली. लिहिणाऱ्याचे नाव राहिले. रात्रभर थंडीत राबणाऱ्यांची नावे कोणी टिपली नाहीत.

१८३३ साली बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने ‘टस्कनी’ जहाजातून १८० टन बर्फ कलकत्त्याला धाडला. चार महिन्यांच्या प्रवासानंतर सुमारे १०० टन उरला होता! पुढे मुंबई-मद्रासलाही असा बर्फ येऊ लागला. मद्रासचे बर्फघर आजही उभे आहे. पण ही चैन पैसेवाल्यांची. १८४३ साली अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन या बाईंनी दांड्याच्या पॉटचे पेटंट घेतले. कारखान्यांत बर्फ होऊ लागला, तेव्हा हा पदार्थ साध्या घरांत शिरला.

थरांचे आइस्क्रीमही जुनेच. १८३९ साली प्रशियाच्या राजवाड्यातील आचारी जुंगियस याने तीन थरांचे आइस्क्रीम छापील पाककृतीत दिले. तुम्हीही ते घरी करा. आंब्याच्या फोडी आधी साखरेत मुरवा, नाहीतर त्या दगडासारख्या होतात. पॉटमधले आइस्क्रीम घट्ट झाले, की थोडे झाकणाच्या डब्यात पसरून डबा बर्फ-मिठात पुरा. तो थर कडक झाल्यावरच फोडी पसरा. त्या गोठल्या, की वर दुसरा थर द्या. घाई केली तर सगळे एक होते. मिठाचे पाणी डब्यात शिरू देऊ नका. फ्रीज असेल, तर डबा त्याच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवला तरी चालेल.

शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात दोन वाडगे ठेवावेत. एकात बर्फ, दुसऱ्यात बर्फ आणि मीठ. दोन्हींत साखरदुधाची एकेक लहान वाटी बुडवावी. कुठले दूध गोठते, ते मुलांनाच पाहू द्यावे. मग पुढच्या वैशाखात घरच्या मोठ्यांना खरे उत्तर तीच मुले देतील.