देवस्थानचा इतिहास आणि पाहणाऱ्याची जागा

देवस्थानचा इतिहास लिहावयास बसणाऱ्याने प्रथम स्वतःस विचारावे की, आपण देवालयाकडे कोठे उभे राहून पाहत आहो? देऊळ एकच असते. परंतु पाहणाऱ्याचे समाजातील स्थान बदलले की त्याला दिसणाऱ्या गोष्टीही बदलतात. गोमंतकातील कागदपत्रे याची साक्ष देतात.

फ्रांसिस्कु पाइश याने इ. स. १५९५ मध्ये तिसवाडी, साष्टी व बार्देश येथील जमिनींचा तोंब, म्हणजे नोंदग्रंथ, सिद्ध केला. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी तो १९५२ साली प्रसिद्ध केला. पाइशच्या वेळेपर्यंत त्या मुलखातील देवालये पाडली गेली होती व अनेक दैवते अंत्रुज महालात जाऊन राहिली होती. पाइश महसुली अधिकारी. त्याची नजर देवाच्या शेतांवर होती. देवळाचा दगडही उरला नाही तेथे शेताची नोंद मात्र राहिली. मूर्ती खांद्यावरून नेणाऱ्यांची नावे शोधण्याचे त्यास काहीच कारण नव्हते.

पुढे १८८६ व १९३३ साली पोर्तुगीज सरकारने देवस्थानांच्या कारभाराचे नियम केले. त्यांना अनुसरून चाललेल्या आपल्या दप्तरांत कुळे, मानपान, समितीच्या निवडणुका, जमाखर्च हे सारे तपशीलवार आढळते. सेवेकरी तेथे येतो तो त्याच्या कामाच्या नावाने, किंवा काम चुकले म्हणून.

कलावंत समाजात जन्मलेल्या राजाराम रंगाजी पैंगीणकर यांचे ‘मी कोण’ हे आत्मचरित्र १९६९ साली प्रसिद्ध झाले. आपल्या दप्तरात ज्यास ‘सेवा’ म्हटले, तीच गोष्ट त्या घरांच्या उंबरठ्यावरून जन्माने लादलेले बंधन म्हणून दिसत होती. उत्सवाच्या रात्री आपण गाणे ऐकले. गाणारीच्या मुलाला वडिलांचे नाव विचारले जाई तेव्हा त्याच्यावर काय प्रसंग ओढवे, हे जाणण्याची गरज आपणांस पडली नाही. उलट सेवेकऱ्यास मात्र यजमानाची मर्जी, त्याच्या घरचे सोयरसुतक, सारे ठाऊक ठेवावे लागे; त्यावर त्याचे पोट होते. वरच्यास अज्ञान परवडते, खालच्यास ते परवडत नाही.

आपल्या पूर्वजांच्या भक्तीस किंवा त्यागास यामुळे उणेपणा येत नाही. त्यांनी परक्या राजवटीत देव राखला, हे सत्यच आहे. पण पालखीस खांदा देणारे, चौघडा वाजविणारे, फुले गुंफणारे व दिवट्या धरणारे यांच्या घरी त्याच उत्सवाच्या निराळ्या आठवणी असणार. त्यांतील वृद्ध मंडळी आहेत तोवर त्या नावानिशी लिहून घ्याव्यात आणि देवस्थानच्या दप्तरात महाजनांच्या नोंदीशेजारी ठेवाव्यात, एवढी महाजन मंडळींस नम्र विनंती आहे.