जीर्ण कागदाची डागडुजी

हस्तलिखिताचा काळ, पाठभेद आणि परंपरा यांची आपले वाङ्मयेतिहासकार साक्षेपाने चर्चा करतात. ते हस्तलिखित ज्याच्या हातांमुळे वाचनीय राहिले, त्याचा उल्लेख मात्र क्वचित येतो. संग्रहालयातील कागद-संवर्धकाचे काम नजरेत भरू नये अशीच अपेक्षा असते, हे याचे एक कारण. डागडुजी ही निव्वळ तांत्रिक बाब आहे हा समज, हे दुसरे. वस्तुतः प्रत्येक दुरुस्ती हे त्या पानाविषयीचे एक मत असते, आणि विसाव्या शतकात त्यांपैकी काही मते फार महाग पडली.

जतनाची जाणीव आपल्याकडे जुनी आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेचा. त्यात बोरू आणि शाईबरोबर बासने, मेणकापडे, पेट्या व कुलुपे यांचीही तरतूद सांगितली आहे. चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासण्याचा पोथीलेखकांचा प्रघात तर वाक्प्रचार होऊन भाषेत उरला. जुन्नर किंवा दौलताबादचा हातकागद लांब तंतूंचा, खळ देऊन घोटलेला. त्यावरची काजळाची शाई कागदाला खात नाही. कसर आणि वाळवी यांपासून वाचलेला अठराव्या शतकातील मोडी कागद म्हणूनच आजही लवचीक असतो, आणि त्याच्यानंतर शंभर वर्षांनी छापलेले मासिक उलगडताना तुकडे होतात. १८०७ मध्ये मोरित्झ इलिग याने राळ आणि तुरटी यांची खळ प्रचारात आणली. पुढे लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. तुरटीमुळे कागदात आम्ल राहते आणि ते तंतू आतून तोडत जाते. आपल्या अर्वाचीन साहित्याचा मोठा भाग अशा कागदावर आहे, ही गोष्ट अभ्यासकांनी विसरण्याजोगी नाही.

१८९१ मध्ये कलकत्त्यात इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट स्थापन झाले. त्याचे पहिले प्रमुख जी. डब्ल्यू. फॉरेस्ट मुंबईच्या दप्तरखान्याचा अनुभव घेऊन तेथे गेले होते. हेच खाते पुढे दिल्लीला येऊन राष्ट्रीय अभिलेखागार झाले. दुबळ्या पानाच्या दोन्ही बाजूंना खळीने रेशमी शिफॉन चिकटवण्याची पद्धत तेथे दीर्घकाळ चालली. अक्षरे दिसत राहत, पान हाताळता येई. पण रेशीम स्वतःच काही दशकांत पिवळे पडे, फाटे, आणि काम पुन्हा आरंभापासून करावे लागे.

१९३० च्या दशकात अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी सेल्युलोज ॲसिटेटच्या पातळ पटलात उष्णता व दाब देऊन पान बंद करण्याचे यंत्र सिद्ध केले. ते यंत्र भारतासारख्या देशाला परवडणारे नव्हते. १९५० च्या दशकात राष्ट्रीय अभिलेखागारातील यशपाल कठपालिया यांनी यंत्र बाजूला ठेवले. पानावर पटल, त्यावर तलम टिश्यू कागद, आणि वरून ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा. पटल विरघळून पानाला बिलगते. ना वीज, ना दाबयंत्र. गरजेतून निघालेली ही युक्ती परदेशांतही अभ्यासली गेली आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे. तिच्यामुळे असंख्य पाने तत्काळ नाशापासून वाचली. परंतु ॲसिटेटही कालांतराने विघटित होऊन आम्ल सोडते, आणि आधी आम्लनिवारण न करता बंदिस्त केलेले पान आतल्या आत झिजत राहते. पटल सोडवायचे तर पुन्हा ॲसिटोन. तेथे शाई, शिक्के टिकतील की नाही, याची परीक्षा पानागणिक करावी लागते. ज्याने पटल लावले त्याला दोष देणे सोपे आहे. त्याच्यासमोर ढिगांनी पडलेले दप्तर होते, हे आपण सोयीने विसरतो.

संग्रहालयात प्रश्न आणखी नाजूक होतो. मोगल मुरक्क्याच्या पानावर एका बाजूस चित्र, तर दुसऱ्या बाजूस सुलेखन असते. पाठीला आधार देण्यासाठी ‘मागची बाजू’च नाही. चित्रातील जंगाल, म्हणजे तांब्याचा हिरवा रंग, खालचा कागद करपवतो. पाने-झाडे असलेल्या भागातच भेगा पडतात आणि पाण्याचा हातही लावता येत नाही. संवर्धक येथे जपानी टिश्यूची तंतुमय पट्टी फाडून घेतो (कापलेली धार कागदावर वळ उमटवते), गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ लावतो आणि टिपकागदाखाली वजन ठेवून थांबतो. ही खळ ओलाव्याने पुन्हा सुटते. १९६६ च्या फ्लॉरेन्समधील महापुरानंतर जगभरच्या संवर्धकांमध्ये हा परतीचा मार्ग राखण्याचा आग्रह अधिक दृढ झाला.

पोथीच्या बाबतीत संयमाची कसोटी वेगळी आहे. कसरीने खाल्लेल्या भोकावर जुन्या मालकाने ठिगळ लावून गेलेली अक्षरे आठवणीने किंवा अंदाजाने लिहिलेली असतात. चिकित्सक आवृत्ती करणाऱ्याला तो एक स्वतंत्र पाठ आहे. संवर्धकाला तो कदाचित आम्लयुक्त कागदाचा तुकडा. ठिगळ काढणे अपरिहार्यच झाले तर आधी छायाचित्र घेतले जाते, नोंद होते, नव्या भरणीचा रंग मूळ कागदाहून किंचित फिका ठेवला जातो आणि तिच्यावर एकही अक्षर लिहिले जात नाही. काढलेले ठिगळ पाकिटात घालून, त्याच पानाचा क्रमांक टाकून, पोथीच्या पेटीतच ठेवतात.