पाढे कुणाचे?

किन्हीराजा आणि आसपासच्या गावांतल्या बचत गटांच्या बायांनो, आज पाढ्यांची गोष्ट सांगते.

आपल्या पणजोबांच्या काळात पंतोजींची शाळा असे. पाटीवर धूळ पसरून मुलं बोटानं अंक गिरवत आणि पाढे मोठ्यानं म्हणत. दोनापासून तीसपर्यंतचे पाढे तर असतच. शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी. एवढं पाठांतर कशाला? बाजारासाठी. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार, मणाचे शेर चाळीस. रुपयाला अडीच शेर धान्य, तर सात रुपयांचं किती? अडीचकी येणारा लगेच सांगे, साडेसतरा शेर.

पण ही विद्या सगळ्यांची नव्हती. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ लिहिली. त्यातली कितीतरी गणितं एका मुलीला उद्देशून विचारली आहेत. तरी पंतोजींच्या शाळेत मुली सहसा नसत. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली ती १८४८ साली. ती वाट खेड्यापाड्यांत पोचायला पुढं कित्येक वर्षं लागली.

पाढे ज्याला येत, वही त्याच्या हातात. बाकीच्यांनी नुसता अंगठा उमटवायचा. १८७५ साली पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. त्यामागं कारणं अनेक होती. न कळणारा, न पटणारा हिशेब हेही त्यातलं एक.

१ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले. मग किलो आणि लिटर आले. पावकी-औटकी शाळेतून गेली, पण आपल्या तोंडातून गेली नाही. शेंगदाणे १२० रुपये किलो असले, तर पाव किलोचे किती? आपण अर्ध्याचं अर्धं करतो: साठ, मग तीस. हीच पावकी, पाठ न करता समजलेली.

लेकरांना पाढे असेच समजू द्या. अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढा: सहा-सहा ठिपक्यांच्या चार ओळी. मोजायला लावा, चोवीस. आता बाजूनं बघायला सांगा. चार-चारच्या सहा ओळी दिसतील, ठिपके तेवढेच. सहा चोक आला की चार सख वेगळं पाठ करायला नको. दोनाच्या पाढ्याची दुप्पट चाराचा, चाराच्या पाढ्याची दुप्पट आठाचा. सात दुणे चौदा, सात चोक अठ्ठावीस, साती आठी छप्पन्न. नवाचा पाढा खाली-खाली लिहा: ९, १८, २७, ३६. दशक एकानं चढतं, एकक एकानं उतरतं. नव्वदपर्यंत दोन्ही अंकांची बेरीज नऊच येते. हे आपण सांगू नका, लेकराला शोधू द्या. स्वतः शोधलेलं विसरलं तरी त्याला पुन्हा जुळवता येतं.

आणि मुलीलाही मुलाइतकाच वेळ द्या. गटाच्या बैठकीत तिला शेजारी बसवा. शेकडा दोन रुपयांनी साडेतीन हजारांचं महिन्याचं व्याज किती, हे तिला विचारा. पस्तीस दुणे सत्तर, हे तिनं सांगावं आणि वहीत तिच्याच हातानं लिहावं.