माफी

दोह्यात उतरलेला भारतीय माणूस पहिला अरबी शब्द शिकतो तो बहुधा ‘माफी’. यात क्षमेचा काही संबंध नाही. ‘मा फी’ म्हणजे नाही आणि ‘फी’ म्हणजे आहे. सिमेंट माफी, पैसा माफी, मुदीर माफी (साहेब जागेवर नाहीत). एवढ्या भांडवलावर मी पहिली पाच वर्षं आरामात काढली. क्रियापद चालवायचं नाही, लिंग-वचन बघायचं नाही. ‘माझी गाडी’ म्हणायचं तर ‘सय्यारा माल अना’, ‘तसंच’ म्हणायचं तर ‘सेम सेम’. साइटवरचा नेपाळी सुतार, मल्याळी फोरमन आणि कतरी इन्स्पेक्टर तिघंही हेच बोलायचे. इन्स्पेक्टरसाहेब आमच्याशी बोलताना स्वतःची मातृभाषा मोडून घ्यायचे, हे मात्र माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

या भाषेला नाव आहे, गल्फ पिजिन अरेबिक. जे. आर. स्मार्ट यांनी १९९० साली तिच्यावर निबंध लिहिला. म्हणजे आम्ही नुसत्या चुका करत नव्हतो, नियमाने चुकत होतो!

गंमत अशी की शंभर वर्षांपूर्वी हे सगळं उलट दिशेने चालायचं. तेव्हा अरब मुंबईला यायचे आणि आपली भाषा शिकायचे.

कारण होतं मोती. तेलाआधी कतर मोत्यांवर जगत होतं. उन्हाळाभर पाणबुडे समुद्रात, आणि हंगाम संपला की माल मुंबईला. झवेरी बाजार, धनजी स्ट्रीट भागात तो विकायचा, तिथून पुढे पॅरिस-लंडन. मोत्याचं मापसुद्धा मुंबईचं, त्याला ‘चौ’ म्हणत. त्यात किंमत वजनाच्या प्रमाणात नव्हे, वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दुप्पट वजनाचा मोती म्हणजे चौपट चौ. इंजिनियर माणसाला हे वाचून फार बरं वाटतं. आखातातले व्यापारी त्याचे छापील तक्ते जवळ बाळगत. भाव ठरवताना हातावर कापड टाकून बोटांनी आकडे सांगायचे, आपल्याकडच्या बैलबाजारात करतात तसंच. तेवढ्यापुरती भाषा लागत नसे. पण मुंबईत काही महिने राहायचं म्हणजे खोली हवी, जेवण हवं, आजारी पडलं तर डॉक्टर हवा. त्याला बोटं पुरत नाहीत.

राज्यकारभाराचा रस्ताही इकडूनच जायचा. बुशहरचा ब्रिटिश रेसिडेंट १९४७ पर्यंत हिंदुस्थान सरकारचा माणूस होता. खिशात रुपया होता. १९५९ साली सोन्याच्या तस्करीला आळा घालायला रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या, तरी नाव रुपयाच. जून १९६६ मध्ये भारताने अवमूल्यन केलं तेव्हा इथल्या लोकांचं बसल्या जागी नुकसान झालं आणि त्याच वर्षी कतर-दुबईचा रियाल आला. निव्वळ कतरचा रियाल १९७३ चा.

रुपया गेला, शब्द राहिले. आखातातल्या जुन्या माणसांच्या तोंडी पंखा म्हणजे ‘बांका’ (अरबीत प नाही), खाट म्हणजे ‘कर्फाया’, म्हणजे आपली चारपाई. टॅक्सीवाल्याला सरळ जा सांगायचं तर ‘सीदा’. ‘बिजली’ म्हणजे हातातली बॅटरी. तेल कंपन्यांत मुकादमाला ‘तिंदेल’ म्हणत, तो आपल्या कोळ्यांचा तांडेल. आणि आंबा म्हणजे ‘हंबा’. हिंदीतला आम नव्हे, तर आंबा! हा शब्द आपल्याच किनाऱ्यावरून गेला, असं म्हणायला मला आवडतं.

मग जपानी कल्चर्ड मोती आले, १९२९ ची मंदी आली आणि हा व्यापार बसला. दुखानला १९३८ साली विहीर खणायला घेतली, मध्ये महायुद्ध आलं, आणि तेलाचं पहिलं जहाज १९४९ च्या डिसेंबरात निघालं. त्यानंतर बोटीची दिशा बदलली. आता पैसा इकडे होता, शिकायची पाळी आपली.

आणि मराठी माणसाला हे अवघड जायला नको होतं. हिशेब, दलाल, हमाल, तपशील, वगैरे, खलास, सगळा माल फारसीमार्गे अरबीतून आलेला. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तरी यातले बरेच शब्द हटले नाहीत. इथल्या बँकेत पहिल्यांदा अरबी चेक लिहिताना पाहिला, तर अक्षरी आकड्याबरोबर ‘फकत’. आपलं ‘फक्त’! ‘रक्कम’सुद्धा त्यांच्या ‘रकम’मधून, म्हणजे आकडा. एवढं घरात असूनही मी ‘माफी’वरच थांबलो. मुंबईतला अरब वस्तीत राहत होता. आम्ही कंपनीच्या घरात राहतो, आपापसांत हिंदी बोलतो आणि अरबी फक्त कामापुरती खर्च करतो.

माझ्या एका कतरी सहकाऱ्याचे वडील सतरा-अठराव्या वर्षी बोटीने मुंबईला गेले होते आणि दोन-तीन वर्षं तिथेच राहिले होते. पन्नासहून जास्त वर्षांनंतरही त्यांची हिंदी माझ्या अरबीपेक्षा कितीतरी चांगली होती, त्यात मुंबईच्या शिव्यासुद्धा होत्या. दर मे महिन्यात मी त्यांना हापूसची पेटी नेऊन द्यायचो. ते वास घ्यायचे आणि ‘हंबा’ म्हणून खूश व्हायचे.

काही वर्षांपूर्वी ते गेले. भेटायला जायचं ठरलं आणि गाडीत बसल्यावर मला घाम फुटला. माझ्या अरबीत या प्रसंगाला एकच वाक्य बसत होतं, ‘बाबा माफी’. हे मुलाच्या तोंडावर कसं म्हणणार? तसाच ऑफिसला वळलो, सुदानी अकाउंटंटला गाठलं आणि त्याच्याकडून वाक्य देवनागरीत उतरवून घेतलं: ‘अझ्झम अल्लाह अज्रक’. अल्लाह तुला मोठं पुण्य देवो. रस्ताभर पाठ केलं. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी शाळेतल्या कवितेसारखं.

मजलिसमध्ये माणसं ओळीने उभी होती. एकेकाचा हात हातात घेत पुढे सरकलो, प्रत्येकापाशी तेच वाक्य. मित्रापाशी आलो, तिथेही न अडखळता म्हणालो. त्याने ठरलेलं उत्तर दिलं, ‘अज्रना व अज्रक’. त्यापुढचं वाक्य माझ्याकडे नव्हतं. मी तसाच उभा.

त्याने माझा हात सोडला नाही. वडिलांच्या मोडक्या हिंदीत म्हणाला, “बाबा पूछता था, हंबावाला किधर है.”